बिडाचा हट्ट

६ जानेवारी

नाही म्हणजे नाही! अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक मी घेणार नाही.

इंजिनवाल्याने आज पुन्हा तेच पुराण लावलं. "मॅडम, जग कुठल्या कुठे गेलं आणि तुम्ही अजून बिडाला चिकटून!" त्याने टेबलावर एक कोरा ब्लॉक आणून ठेवला. इंजिनाचं नुसतं धड, आठ भोकांचं, घासलेल्या पातेल्यासारखं चकचकीत. एकट्या माणसाने उचलून आणलं. बिडाचं असतं तर दोघं लागले असते आणि तिसऱ्याने नुसत्या सूचना दिल्या असत्या. "बघा, निम्म्या वजनात काम!"

मी म्हटलं, निम्म्या वजनाची पातेली मी स्वयंपाकघरातही घेत नाही. बुडाला पोचे येतात.

तो हसला. मी हसले नाही.

फाउंड्रीच्या तपासणी विभागात माझी उभी हयात गेली. बीड मला कळतं. ठोकलं की बोलतं. दगा द्यायचा असला तरी आधी खूण करतं. अ‍ॅल्युमिनियम मऊ. त्यात सिलिंडरच्या जागी लोखंडी नळ्या ठोकून बसवायच्या, आणि तापल्यावर दोन धातू आपापल्या वेगाने फुगायचे. संसारात असं चालतं. इंजिनात मला नको.

घरी आले तर हे दारातच. "मिळालं का इंजिन? की अजून नुसतं ठोकून बघणंच चाललंय?"

चपला जोरात काढल्या.

९ जानेवारी

गाडीवरची चादर काढून झाडली. किती देखणी दिसते मेली! जुन्या काळच्या एका दोन आसनी शर्यतीच्या गाडीची हुबेहूब नक्कल. सांगाडा मी आणि वन्संनी मिळून जोडला, पत्रा बसवला, रंग दिला. पुढचं झाकण उघडलं की आत मात्र पोकळी. दात पडलेलं तोंड दिसावं तसं.

हे म्हणतात, "नकली गाडीला एवढा असली खर्च!" नक्कल बाहेरून आहे. आत जे बसेल ते खरंच ताकद देणार आहे, आणि मूळ गाडीत बीडच होतं.

एप्रिलमध्ये मोटार क्लबची डोंगराच्या रस्त्यावर चढाची शर्यत. वन्सं चालवणार. पुढच्या वर्षी त्या क्लबच्या वयाच्या अटीपलीकडे जातात, म्हणजे हे वर्ष चुकलं की विषय संपला. तरुणपणी याच क्लबात त्या विचारायला गेल्या होत्या. तेव्हा बायकांनी झेंडा दाखवायचा आणि घड्याळ धरायचं, एवढंच. वन्सं घड्याळ न धरता घरी आल्या आणि रुग्णवाहिकेवर लागल्या. निवृत्त होईपर्यंत तीच चालवली. मागे आडव्या पडलेल्या माणसाच्या पोटातलं पाणी हलू न देता सगळ्या गावाच्या पुढे पोचायचं— असा हात दुसऱ्या कुणाचा मी पाहिलेला नाही.

या वर्षी तो हात त्या डोंगरावर चालणार. मग कुणी काही म्हणो.

१० जानेवारी

शेजारीण: "या वयात कसले हो हे खेळ?" मी: "या वयात नाही तर कोणत्या? तेव्हा वेळ नव्हता."

१३ जानेवारी

आणि आता वन्संसुद्धा फितूर! त्यांनाही अ‍ॅल्युमिनियमच हवंय.

"वहिनीबाई, नाक जड झालं की गाडी वळणात ऐकत नाही. सरळ जाते. सरळ म्हणजे कुठे, तर दरीत."

मी म्हटलं, इंजिन मागे सरकवून बसवू, वजन बरोबर वाटलं जाईल. त्या म्हणाल्या, "ते कागदावर. चाक हातात आल्यावर बोल."

"चाक तुमच्या हातात असणार आहे. तुम्ही रुग्णवाहिकेचं जड चाक फिरवलंत."

"तेव्हाचे खांदे वेगळे होते."

गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा निखळला होता. पण दिवाणखान्यातलं कपाट परवा त्यांनी एकटीने सरकवलं— निदान मला तसंच सांगितलं. बरा आहे म्हणतात. मग बरा आहे.

१५ जानेवारी

वन्संनी आज मला डोंगरावर नेलं. म्हणजे मीच त्यांना नेलं, त्या शेजारी बसल्या. यांची गाडी आणि माझी गाडी एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या. यांची डिझेलची म्हणून पुढून जड, माझी पेट्रोलची म्हणून हलकी. आधी यांची, मग माझी, त्याच रस्त्याने वर आणि खाली. "नाक जड म्हणजे काय ते वाचून कळत नाही. ढुंगणाला कळतं." असंच म्हणाल्या. रुग्णवाहिकेत भाषा बिघडते.

खरं सांगायचं तर फरक कळला. यांची गाडी तिसऱ्या वळणावर हट्टी म्हशीसारखी बाहेर ओढायला लागली. माझी वळली.

पण मी कबूल केलं नाही. म्हटलं, डिझेलचे टायर जुने आहेत.

"टायरचं निमित्त काढू नकोस, ब्रेक आधी लाव! वळणात शिरल्यावर ब्रेक म्हणजे वरातीमागून घोडं."

यांनी संध्याकाळी टायर पाहिले. मग म्हणाले, "माझी गाडी कोणी नेली होती, हे मी विचारत नाही."

विचारलं नाहीच.

१९ जानेवारी

पुन्हा डोंगर. "अजून पटलं नाही ना? चल मग." ब्लॉकवर वाद घालायचा तर घरी बसून घालता येत नाही का? पण या बाईपुढे कोणाचं चालतं!

आज म्हणाल्या, नजर गाडीच्या नाकावर ठेवू नकोस, वळण जिथे संपतं तिथे ठेव. हात आपोआप जातात. खरंच गेले.

वर पोचल्यावर दोघी कठड्यावर बसलो. थर्मासमधला चहा. त्या खांदा चोळत होत्या. मी पाहिलं तर म्हणाल्या, वारा लागला.

२४ जानेवारी

सापडलं! सापडलं! सापडलं!

भंगारवाल्याच्या अंगणात, तीन रेडिएटर आणि एका मोडक्या पाळण्याच्या खाली. बिडाचा ब्लॉक, आठ सिलिंडरचा, मूळ गाडीत होता त्याच घराण्यातला. एका गोदामाच्या आग विझवायच्या पंपावर होता. वर्षातून दोनदा चालवून बघायचे, एवढंच. बाकी आयुष्यभर आराम आणि तेलपाणी. असलं सुख सरकारी नोकरीतही नाही.

हातोडी पर्समध्ये होतीच. ठोकलं. आवाज लांब, स्वच्छ, शेवटपर्यंत गोल. आत तडा असता तर फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजला असता. आठ ठिकाणी ठोकलं.

भंगारवाला म्हणाला, "मावशी, शाळा भरवताय का घंटा वाजवून?"

"हो. तुमचा नंबर पहिला. हे तोलायला घ्या."

चार जणांनी उचलून टेम्पोत टाकला. मी टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून आले, मागच्या काचेतून ब्लॉकवर नजर ठेवून. नवी सून आणतात तसा आणला, म्हणाले हे. त्यांना एवढं सुचलं म्हणजे मूड बरा होता.

२९ जानेवारी

इंजिनवाल्याच्या वर्कशॉपमध्ये ब्लॉक धुऊन घेतला. मग सिलिंडरच्या भिंतींची जाडी मापली. हे महत्त्वाचं. ताकद वाढवायची तर सिलिंडर कापून रुंद करायचे. कापायचं तर भिंत मुळात जाड हवी. ओतताना साच्यातला गाभा जरा सरकला तर एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ होते, आणि बाहेरून काही दिसत नाही.

जाडी मापायचं यंत्र इंजिनवाल्याचं. भिंतीत आवाज सोडतं, तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून जाडी सांगतं. मीच मापलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सगळीकडे भरपूर! सगळ्यात पातळ जागीसुद्धा हवी त्याहून जास्त. इंजिनवाला मान खाजवत म्हणाला, "मॅडम, नशीब काढलंत."

"नशीब कसलं? कान आहेत."

पुढच्या आठवड्यात ब्लॉक कापायला मशीनवर चढणार. वन्संना आकडे वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "जड ते जडच ना पण."

हट्टी बाई!

३१ जानेवारी

हे आज गॅरेजमध्ये आले. कधी येत नाहीत. सांगाड्यावर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "गंमत पुरे झाली. आक्काला वर काही झालं तर?"

मी म्हटलं, आक्कांनी आयुष्यभर दुसऱ्यांना काही झालं म्हणून गाडी चालवली. एकदा स्वतःसाठी चालवू दे.

"तुझं ठरलेलंच असतं सगळं."

"हो."

गेले. पण जाताना दिवा बंद केला नाही. नेहमी करतात, मी आत असले तरी.

३ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायला बसले आहे आणि पेन चालत नाही.

धुतलेला ब्लॉक परत घरी गॅरेजमध्ये आणला होता; मशीनवर चढवण्याआधी पातळ बाजू पुन्हा एकदा बघावी म्हणून यंत्रही आणलं होतं. बाकावर ब्लॉकचीच एक बिडाची टोपी पडली होती, इंजिनाचा फिरता दांडा धरून ठेवणारी. सहज तिच्यावर टेकवलं. यंत्र म्हणालं साडेबारा मिलिमीटर. टोपी बघून मला ते पटेना. हाताने मापायचा व्हर्नियर लावला. दहा.

यंत्र पोलादावर लावून ठेवलेलं होतं. इंजिनवाल्याने त्यावर शेवटी पोलादी पाइप मापले होते. पोलादातून आवाज झरझर जातो, बिडातून सावकाश. पोलादाच्या हिशेबाने बीड मापलं की ते आहे त्यापेक्षा जाड दिसतं. माझे सगळे आकडे फुगलेले. सगळे!

फाउंड्रीत नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी काय शिकवत होते? आधी माहीत असलेल्या जाडीचा तुकडा मापा, मग कामाला हात लावा. जो विसरेल त्याला दिवसभर वाळू चाळायला लावत असे. त्या दिवशी मी तो तुकडा मागितलासुद्धा नाही, कारण पहिलाच आकडा मला हवा तसा आला.

यंत्र बिडावर लावून पुन्हा सगळं मापलं. पाचव्या सिलिंडरचा गाभा सरकलेला आहे. कापला तर एका बाजूची भिंत इतकी पातळ राहील की पूर्ण ताकदीवर थरथरेल. मग तडा. पाणी आत. चढावर इंजिन जागच्या जागी आवळलं जाईल, मागची चाकं अडकतील, आणि चाकावर वन्सं.

न कापता बसवलं तर? पंपाचं इंजिन, पंपाइतकीच ताकद. चढाच्या शर्यतीत मला पंप पाठवायचा नाही.

कुणाला कळलं नसतं. मशीनवर चढलं असतं, गाडी सुरूही झाली असती. कदाचित शर्यत पुरी झालीही असती. कदाचित.

४ फेब्रुवारी

जेवताना सांगितलं, दोघांनाही. सरळ. चूक माझी, ब्लॉक बाद.

यांनी लगेच सुरू केलं, "मग आता तरी थांबवा. आणि आक्काचा खांदा—"

वन्संनी भाजीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं. "बाळ, तोंड जेवायला उघड."

साठी उलटलेला माणूस, पण आक्का 'बाळ' म्हणाली की खरंच गप्प बसतो.

मी म्हटलं, थांबणार नाही. बीड गेलं तर गेलं. गाडी एप्रिलमध्ये वर जाणार, आणि वन्संच्या हाताने जाणार.

वन्सं ताटाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, त्यांचे डोळे भरून आले. मिरची लागली म्हणाल्या.

५ फेब्रुवारी

इंजिनवाल्याकडे गेले. यंत्र टेबलावर ठेवलं, झालं ते सांगितलं. त्याच्या मिशा हलायला लागल्या.

"मॅडम, मी तर केव्हापासून—"

"ते वाक्य पुरं केलंत तर ब्लॉक दुसरीकडून घेईन."

वाक्य गिळलं त्याने. चहा मागवला.

यंत्रावर मात्र मी माझ्या हाताने चिठ्ठी चिकटवली. 'आधी तुकडा.' कुणी काढून तर दाखवावी!

१२ फेब्रुवारी

अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक आला. परत पाठवला.

घ्यायचंच आहे तर माझ्या रीतीने घेईन. प्रत्येक नळीची उंची मापली— आधी माहीत असलेला तुकडा, मग नळी. तिसऱ्या सिलिंडरची नळी बाकीच्यांपेक्षा केसभर खाली. इंजिनवाला कळवळला. "अहो नवा कोरा आहे! तुमच्यासमोर खोक्यातून काढला!"

"खोक्यातून सापही निघतो. दुसरा मागवा."

"केसभराने काय होतं?"

"तुमच्या दाढीला काही होत नाही. इंजिनात तिथूनच वाफ निघते."

मागे उभा असलेला त्याचा जोडीदार हळूच म्हणाला, "शेठ, मागवा. या बाई इथेच मुक्काम टाकतील."

टाकला असता.

२० फेब्रुवारी

दुसरा ब्लॉक. नळ्या एका पातळीत. गरम पाणी फिरवून, दाब देऊन, पुन्हा मापून घेतला. एक थेंब नाही. घरी आणला. एकट्या इंजिनवाल्याने उचलून गॅरेजमध्ये ठेवला, आणि ठेवताना माझ्याकडे बघितलं. बघू दे. हलका आहे, कबूल! हलकेपणाबद्दल माझं काही म्हणणं नव्हतंच.

(होतं.)

२ मार्च

वन्सं रोज डोंगरावर नेतात. मी म्हटलं, अहो, आता तर अ‍ॅल्युमिनियम घेतलं, वाद मिटला, आता कशाला? म्हणाल्या, "मला रस्ता पाठ करायचाय. तू चालव, म्हणजे मला नुसतं बघता येतं." पटलं. आज सातव्या वळणाला मी ब्रेकला हात— म्हणजे पाय— लावला नाही आणि गाडी रेघ ओढल्यासारखी गेली. शेजारी बघते तर वन्सं हसत होत्या, खिडकीबाहेर बघून.

११ मार्च

बोट चेमटलं. नख काळं. इंजिन जोडून झालं.

१६ मार्च

सुरू झालं!!

पहिल्यांदा नुसती खोकली. दुसऱ्यांदा खोकली आणि मागून काळा धूर. हे पायरीवर उभे होते, "झालं?" म्हणाले. मी ठिणगीची वेळ थोडी मागे घेतली. तिसऱ्यांदा जी पेटली! कपाटातल्या बरण्या हलल्या. शेजारणीने खिडकी उघडली, मला बघितलं, बंद केली. वन्संनी कान झाकले नाहीत. डोळे मिटून ऐकत होत्या, आजारी माणसाची छाती ऐकतात तसं.

हे खाली आले. झाकणावर हात ठेवला. "गरम होतंय."

"व्हायलाच हवं."

"नाही, म्हणजे— छान होतंय."

एवढं एका वर्षात पहिल्यांदा.

२३ मार्च

नव्या इंजिनाला सुरुवातीला दमाने फिरवावं लागतं. फिरवतेय मीच. वन्सं शेजारी. "मला आवाज ऐकू दे, तू चालव." चाक किती हलकं आहे! दोन बोटांनी वळतं. माझी मनगटं लहानपणापासून काडीसारखी. फाउंड्रीतले लोक म्हणायचे, बाईंच्या हातात हातोडी बघून हातोडीचीच कीव येते. पण या गाडीत ती मनगटंही पुरतात.

म्हणजे वन्संना काहीच त्रास होणार नाही. खांद्याला ताण नाही. बरोबर सांगत होत्या. त्यांना तसं सांगितलंसुद्धा, आणि हे माझ्या तोंडून निघायला काय लागलं ते मलाच ठाऊक.

"उशिरा का होईना," म्हणाल्या.

२८ मार्च

यांच्या कुणी मित्राने विचारलं म्हणे, "तुमच्या घरातल्या बायका खरंच शर्यतीत उतरणार?" हे म्हणाले, "उतरणार नाहीत, चढणार आहेत." मला स्वतः येऊन सांगितलं. तीनदा.

२ एप्रिल

वन्संना म्हटलं, आता मला बाजूला बसवा, तुम्ही चाक घ्या, दिवस थोडे राहिलेत. "उद्या," म्हणाल्या. काल पण उद्याच म्हणाल्या होत्या. घाबरल्या की काय? या बाईला घाबरलेलं मी कधी पाहिलेलं नाही. उद्या ओढून बसवते. इथवर येऊन माघार? मी नाही घेऊ देणार!

३ एप्रिल

सकाळी क्लबच्या चिटणिसाचा फोन. हेल्मेटचं माप हवं होतं. मी म्हटलं, थांबा, वन्संना विचारते. तो म्हणाला, "त्यांचं कशाला? चालक तुम्ही ना? डिसेंबरातच त्या सांगून गेल्यात."

डिसेंबरात. ब्लॉकचा विषयसुद्धा निघाला नव्हता तेव्हा.

वन्सं अंगणात कपडे वाळत घालत होत्या, डाव्या हाताने. उजवा कोपराच्या वर जात नव्हता. मी नुसती समोर उभी राहिले. त्या म्हणाल्या, "हा खांदा गेल्या वर्षीच गेला. बाळला माहीत आहे, मी शपथ घातली होती. तुला कळलं असतं तर तू गाडीच बांधली नसतीस. आणि मी हलकं इंजिन मागत होते ते कुणाच्या मनगटांसाठी, असं वाटलं तुला?"

खूप भांडले. त्यांच्याशी, यांच्याशी, पुन्हा त्यांच्याशी. मग टेप घेऊन कपाळाभोवती लावला आणि चिटणिसाला फोन केला.